हे कशावरून? – गावाचा इतिहास आणि साधनांची पारख

प्राथमिक शिक्षकावर लेखनाचे काम अनेक निमित्तांनी येते. शाळेचा शतकमहोत्सव आला म्हणजे स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास हवा असतो. ग्रामपंचायतीस गावाची माहिती हवी असते. कृतिसंशोधनाचा अहवाल सादर करावयाचा असतो. अशा वेळी बहुधा गावातील दोनचार वृद्धांना विचारून, हाताशी असलेले एखादे पुस्तक चाळून मजकूर तयार केला जातो. तो छापला जातो आणि पुढे त्यासच प्रमाण मानण्यात येते. कारण खेडेगावात ‘गुरुजींनी लिहिले आहे’ ह्या शब्दांना मोठे वजन असते. ह्या वजनामुळेच शिक्षकाची जबाबदारी वाढते. देवस्थानाचा मान कोणत्या घराण्याचा, अमुक विहीर कोणी बांधली, गावाचे मूळ वतनदार कोण, अशा विषयांवर आधारावाचून लिहिलेली एक ओळ दोन भावक्यांत पिढ्यानपिढ्यांचे वितुष्ट निर्माण करू शकते. म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी प्रत्येक विधानास ‘हे कशावरून?’ असा प्रश्न विचारण्याची सवय लावून घेणे अवश्य आहे. ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच साधन होय.

१. साधनांचे प्रकार

ज्याच्या आधारे एखादे विधान करता येते, तो लेख, ती वस्तू किंवा ती साक्ष म्हणजे साधन. साधनांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग मूळ साधनांचा. घटनेच्या काळी, घटनेशी प्रत्यक्ष संबंध असलेल्या व्यक्तीकडून किंवा कचेरीकडून जे निर्माण झाले ते मूळ साधन. पत्रे, सनदा, महजर, हिशेबाचे कागद, शिलालेख, ताम्रपट, नाणी, नोंदवह्या, छायाचित्रे ही सर्व ह्या वर्गात येतात.

दुसरा वर्ग दुय्यम साधनांचा. मूळ साधने तपासून, त्यांची जुळवाजुळव करून नंतरच्या लेखकाने लिहिलेला ग्रंथ वा लेख हे दुय्यम साधन होय. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली १८७७ पासून प्रसिद्ध होऊ लागलेले मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर बव्हंशी ह्याच वर्गातले. कचेऱ्यांतील कागद आणि स्थानिक अधिकाऱ्यांनी पाठविलेली माहिती यांवरून ते रचलेले आहे.

तिसरा वर्ग संदर्भग्रंथांचा. डॉ. केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’, १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला ‘मराठी विश्वकोश’, निरनिराळे चरित्रकोश व सूची हे त्यातील ठळक ग्रंथ. दुय्यम साधनांतील ज्ञान येथे संक्षेपाने मिळते. अभ्यासाची सुरुवात येथून करावी. मात्र शेवट येथे करू नये.

ह्या वर्गवारीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एखादे साधन मूळ की दुय्यम, हे विचारलेल्या प्रश्नावर अवलंबून असते. १८८५ साली प्रसिद्ध झालेला पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरचा खंड शिवकालाविषयी दुय्यम साधन आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुणे जिल्ह्याची शेती, बाजार व रस्ते यांविषयी त्याचे मोल पुष्कळसे मूळ साधनाचेच आहे.

मूळ साधनांतही पायऱ्या आहेत. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. त्या मोहिमेच्या काळातील प्रत्यक्ष पत्रव्यवहार वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेच्या पहिल्या खंडात १८९८ साली प्रसिद्ध केला. त्या पत्रांतील मजकूर त्या त्या दिवशीच्या गरजेपोटी लिहिलेला आहे. पुढे काय होणार हे लिहिणाऱ्यास ठाऊक नव्हते. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज पंडित रणभूमीवर हजर होता, तथापि त्याने आपला वृत्तांत सुमारे १७८० मध्ये, म्हणजे एकोणीस वर्षांनी लिहिला. साक्ष डोळ्यांची खरी, पण मध्ये बराच काळ लोटलेला. ‘भाऊसाहेबांची बखर’ तर कथनाच्या ओघासाठी प्रसिद्ध आहे. तिच्यातून त्या काळच्या मनाचा ठाव लागतो. परंतु सैन्याचा आकडा किंवा तारीख केवळ तिच्या आधारे देणे धोक्याचे आहे. तिन्ही साधने उपयोगाची आहेत. प्रत्येकाकडून कोणते काम घ्यावयाचे, हे ओळखणे महत्त्वाचे.

२. एका तिथीचा शोध

साधनांच्या तौलनिक मूल्याचे उत्तम उदाहरण म्हणून शिवछत्रपतींच्या जन्मतिथीकडे पाहता येईल. हा विषय प्रत्येक शाळेच्या परिचयाचा आहे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत उत्तरकालीन बखरींच्या आधारे शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७ मधील वैशाख हा जन्मकाल सामान्यतः मानला जात असे. ह्या बखरी शिवकालानंतर दीर्घ काळाने लिहिल्या गेल्या होत्या आणि त्यांतील तपशिलात एकवाक्यताही नव्हती. पुढे भोरजवळील कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यातून एक शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली. ती १९१६ साली प्रसिद्ध झाली. शके १५४० ते १६१९ ह्या काळातील घटनांच्या त्रोटक नोंदी तीत वर्षानुक्रमाने दिल्या आहेत. शिवाजीराजांचा जन्म तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ असा नोंदविलेला आढळला. त्यावरून १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख येते. ही तारीख त्या वेळच्या जुन्या, म्हणजे ज्युलियन पंचांगाप्रमाणे आहे, हेही शिक्षकाने लक्षात ठेवावे.

आता एका घराण्यातील एका कागदाने पूर्वीचे मत बदलावे काय? अभ्यासकांनी तसे एकदम केले नाही. त्यांनी प्रथम शकावलीचे स्वरूप पाहिले. नोंदी लहान आहेत. त्यांत स्तुतीचा पाल्हाळ नाही. इतर साधनांतून ठाऊक असलेल्या घटनांशी त्यांतील अनेक तिथी जुळतात. नंतर दुसऱ्या साक्षींचा शोध चालू राहिला. कवींद्र परमानंद ह्या समकालीन कवीचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य तंजावर येथील हस्तलिखितावरून स. म. दिवेकर यांनी १९२७ साली प्रसिद्ध केले. त्यातही शके १५५१ मधील फाल्गुन वद्य तृतीयाच आढळली. राजस्थानात जोधपूर येथे मिळालेल्या जन्मकुंडल्यांच्या संग्रहातील कुंडलीनेही ह्याच तिथीस पुष्टी दिली. मावळातील देशमुखाचे घर, तंजावरचा ग्रंथसंग्रह आणि जोधपूरचा ज्योतिषी ह्या तीन साक्षी एकमेकींपासून दूरच्या. त्यांनी एकमेकींचे पाहून लिहिले असण्याचा संभव फारच थोडा. म्हणून त्यांच्या एकमतास मोल आले. शासकीय शिवजयंती १९ फेब्रुवारी रोजी साजरी होते, तिच्यामागे हा शोध आहे.

ह्या उदाहरणातून तीन नियम हाती लागतात. पहिला, घटनेच्या जवळचे साधन दूरच्या साधनाहून सामान्यतः अधिक विश्वसनीय. दुसरा, साक्षींची संख्या मोजण्यापूर्वी त्यांचे स्वातंत्र्य तपासावे. एकाच जुन्या बखरीवरून पाच पुस्तकांनी मजकूर उतरला असेल, तर साक्षी पाच होत नाहीत; एकच राहते. भ्रमणध्वनीवर शंभर जणांकडून आलेला एकच संदेश ह्याच कारणाने शंभर पुरावे होऊ शकत नाही. तिसरा, नवे साधन पुढे आल्यास जुने मत सोडण्याची तयारी असावी. मात्र ते पारखून घेतल्यावर सोडावे.

३. मूळ साधनही चुकू शकते

मूळ साधन म्हणजे निखळ सत्य, असा समज कित्येकदा होतो. तो दूर करण्यास शाळेच्या कपाटातील दाखलखारीज रजिस्टर पुरेसे आहे.

जुनी रजिस्टरे चाळली असता जन्मतारखेच्या रकान्यात १ जून ही तारीख वारंवार भेटते. केवळ ह्या रजिस्टरावर विसंबणारा अभ्यासक असा निष्कर्ष काढील की, एकेकाळी खेड्यातील मुले मोठ्या संख्येने जूनच्या पहिल्या दिवशी जन्मास येत. खरी गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. पालकांना तारीख सांगता येत नसे. ‘मोठा पूर आला त्या साली’, ‘दुष्काळानंतरच्या पेरणीला’ अशा खुणा ते सांगत. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. प्रवेशाचे वय पूर्ण झालेले दाखविणे भाग असे. म्हणून गुरुजी अंदाजाने साल धरून १ जून ही तारीख घालीत. कागद अस्सल, अक्षर त्या काळचे, सही मुख्याध्यापकाची. तरीही तारीख खरी नव्हे.

मग हे साधन टाकाऊ ठरते काय? मुळीच नाही. जन्मतारखेविषयी ते दुबळे आहे. पण मूल कोणत्या दिवशी शाळेत दाखल झाले, कोणत्या इयत्तेतून व कोणत्या कारणाने शाळा सोडून गेले, मुलींची नावे कोणत्या सालापासून दिसू लागली, कोणकोणत्या समाजांतील मुले केव्हा शाळेत आली, ह्या बाबतींत त्याच्याइतके चांगले साधन गावात दुसरे सापडणार नाही. कारण ह्या गोष्टी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घडल्या होत्या. ह्यावरून साधनास विचारावयाचे प्रश्न ठरतात : कोणी लिहिले? केव्हा लिहिले? कशासाठी लिहिले? लिहिणाऱ्यास ती गोष्ट स्वतः ठाऊक होती काय? आणि त्याने तसे लिहिण्यात कोणाचा लाभ होता?

जन्मतारखेची खातरजमा करण्यास दुसरे साधनही आहे. जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये होत असत. रजिस्टर व कोतवाल बुक समोरासमोर ठेवले म्हणजे साधने एकमेकांस कशी दुरुस्त करतात ते दिसते.

येथे आणखी एक गोष्ट उघड होते. शिक्षक हा साधनांचा केवळ वाचक नसून साधनांचा कर्ताही आहे. त्याने आज रजिस्टरात केलेली नोंद मुलास जन्मभर सोबत करते आणि पन्नास वर्षांनी ती गावाच्या इतिहासाचा आधार बनते. नावाचे स्पेलिंग, आईचे नाव, जन्मदाखल्यावरील तारीख ही प्रत्यक्ष कागद पाहून लिहिणे, खाडाखोड न करणे, दुरुस्ती केल्यास तिचा आधार शेऱ्यात नमूद करणे, हे संशोधनाचेच काम आहे.

४. गावातील साधने कोठे मिळतात

आपल्या गावाला इतिहास नाही, असे पुष्कळांस वाटते. शोध घेतल्यास बहुतेक गावांत पुढील साधने हाती येतात.

लेखी साधनांत शाळेची रजिस्टरे, शेरेबुके व जुनी लॉगबुके प्रथम पाहावीत. तलाठी दप्तरातील फेरफार नोंदवही (गाव नमुना ६) जमिनीचे हात कसे बदलत गेले ते सांगते. दुमाला जमिनींच्या नोंदवहीतून (गाव नमुना ३) देवस्थान व इनाम जमिनींची माहिती मिळते. ग्रामपंचायत व सेवा सोसायटी यांच्या इतिवृत्तांतून रस्ता, वीज व पाणी गावात केव्हा आले ते कळते. १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत गाववार लोकसंख्या दिलेली असते. जुन्या घराण्यांतील मोडी कागदांचा शोध घ्यावा. ते वाचता येत नसल्यास मोडी जाणणाऱ्याकडून वाचवून घ्यावेत, अंदाजाने अर्थ लावू नये. मोठ्या प्रमाणावरील जुने कागद पाहावयाचे तर पुणे येथील पेशवे दप्तर व १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ ही ठिकाणे आहेत. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले ४५ खंड मोठ्या ग्रंथालयांत मिळू शकतात.

वस्तुरूप साधनांत वीरगळ, सतीशिळा, गद्धेगळ, शिलालेख, बारव, वेशी व नाणी यांचा समावेश होतो. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा व सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल हे गाव आहे. तेथील मंदिरात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख मिळाला. मराठीतील अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते. एका खेड्यातील दगडाने मराठी भाषेच्या इतिहासात भर घातली, हे विद्यार्थ्यांस अवश्य सांगावे. वीरगळांना तेलरंग फासणे, शिलालेखावर चुना चढविणे किंवा अक्षरे दिसावीत म्हणून ती खिळ्याने खरवडणे हे प्रकार मात्र कळकळीने थांबवावेत. शेतात गुप्तधन सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते, हेही ग्रामस्थांच्या कानांवर घालावे.

मौखिक साधने सर्वांत लवकर नाहीशी होणारी आहेत. जात्यावरच्या ओव्या, ग्रामदैवताच्या कथा, शेतांची व पाणवठ्यांची नावे, दुष्काळाच्या व साथीच्या आठवणी हे धन वृद्धांबरोबर निघून जाते. आठवणीत साल चुकते, दोन प्रसंग एकमेकांत मिसळतात. म्हणून सांगणाऱ्याचे वय, सांगितल्याची तारीख आणि ‘स्वतः पाहिले की ऐकले’ ही नोंद प्रत्येक आठवणीसोबत करावी. विशेषतः ज्यांचे नाव कागदोपत्री फारसे येत नाही, अशा भूमिहीन मजुरांची, कारागिरांची व स्त्रियांची हकीकत पुष्कळदा ह्याच मार्गाने मिळते. केवळ वतनदारांच्या कागदांवरून लिहिलेला इतिहास वतनदारांचाच होतो.

५. कालगणनेची अडचण

जुन्या कागदांत इसवी सन क्वचितच असतो. पुढील कोष्टक बहुतेक कामांस पुरते.

शके : चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवावेत; जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९.
फसली : मृगापासून डिसेंबरअखेर ५९०, जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ५९१.
सुहूर : मृगापासून डिसेंबरअखेर ५९९, जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६००.

सुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहीत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. त्यात जानेवारीसाठी ६०० मिळविले की १७६१, म्हणजे पानिपतचे साल येते. हेच साल शके १६८२ मध्ये ७९ मिळवूनही येते. अशी उदाहरणे पाचवीच्या वर्गात गणिताच्या तासासही उपयोगी पडतील. आपल्या लेखनात मूळ कालनिर्देश जसाच्या तसा देऊन त्यापुढे इसवी सन द्यावा. केवळ रूपांतर देऊन मूळ गाळू नये.

६. आधार कसा द्यावा

‘गावात पूर्वी मोठी शाळा होती’ हे वाक्य कोणासही तपासता येत नाही. ‘शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरावरून अमुक साली पटावर इतकी मुले व इतक्या मुली होत्या’ हे वाक्य पन्नास वर्षांनंतरही तपासता येईल. आधार देण्याचा हेतू एवढाच की, वाचणाऱ्यास लेखकाच्या शब्दावर विसंबून राहावे लागू नये. त्यासाठी टिपण घेताना पुढील बाबी लिहाव्यात : साधनाचे नाव व प्रकार, ते कोणाच्या ताब्यात आहे, पृष्ठ किंवा नोंद क्रमांक, त्यावरील तारीख, आणि शिक्षकाने ते पाहिल्याची तारीख. मूळ मजकूर व स्वतःचे मत एकाच परिच्छेदात मिसळू नये. मजकूर वहीच्या डाव्या पानावर आणि मत उजव्या पानावर लिहिण्याची पद्धत सोयीची आहे. वाचता न आलेल्या शब्दाच्या जागी टिंबे द्यावीत. मूळ कागद मालकाकडेच राहू द्यावा; त्याचे छायाचित्र घ्यावे. ज्ञानकोशातून वा संगणकाच्या महाजालावरून मिळालेली माहिती कोणत्या मूळ साधनावर आधारलेली आहे ते शोधावे; ते न सापडल्यास तसे स्पष्ट लिहावे. दोन साधनांत विरोध असेल, तर तो लपवू नये. दोन्ही द्यावीत आणि आपला कल कोणत्या बाजूस आहे ते कारणासह सांगावे. देवस्थान, मानपान व वतन यांविषयी लिहिताना हा नियम कटाक्षाने पाळावा.

७. वर्गातील एक पाठ

चौथी व पाचवीच्या वर्गांसाठी ‘आपली शाळा केव्हा सुरू झाली?’ हा प्रश्न घ्यावा. विद्यार्थ्यांचे तीन गट पाडावेत. पहिल्या गटाने घरातील आजी-आजोबांना विचारावे. दुसऱ्याने शाळेच्या इमारतीवरील कोनशिला पाहावी. तिसऱ्याने शिक्षकाच्या देखरेखीखाली सर्वांत जुन्या रजिस्टरातील पहिली नोंद पाहावी. तिन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. बहुधा ती जुळणार नाहीत. कोनशिला इमारतीचे साल सांगते, शाळेचे नव्हे. पूर्वी शाळा देवळात किंवा चावडीत भरत असेल. सर्वांत जुने रजिस्टर हे पहिलेच रजिस्टर असेल असेही नाही. उत्तरे का जुळत नाहीत, हे मुलांनाच शोधू द्यावे. शिक्षकाने निर्णय देण्याची घाई करू नये. ह्या पाठातून साल निश्चित झाले नाही तरी चालेल, मुलांस ‘कशावरून?’ असे विचारता आले म्हणजे पाठाचा हेतू साधला.

८. केंद्राच्या बैठकीतील चर्चेसाठी

(१) शाळेतील सर्वांत जुना कागद कोणता, कोणत्या सालचा, आणि तो वाळवीपासून व ओलीपासून सुरक्षित आहे काय?
(२) जुन्या रजिस्टराच्या एका वर्षातील जन्मतारखा मोजाव्यात. त्यांपैकी १ जून ह्या तारखेच्या किती? त्यावरून कोणता निष्कर्ष काढता येईल व कोणता काढता येणार नाही?
(३) गावातील ऐंशी वर्षांवरील पाच व्यक्तींच्या आठवणी ह्या सत्रात टिपून घेता येतील काय? हे काम कोणी करावयाचे, ते बैठकीतच ठरवावे.
(४) गावाविषयी छापलेल्या एखाद्या स्मरणिकेतील दहा विधाने निवडून प्रत्येकापुढे साधन लिहावे. साधन न सापडणारी विधाने किती उरतात ते पाहावे आणि पुढील आवृत्तीत त्यांचे काय करावे ते ठरवावे.